नडगी दुखते तेव्हा

धावताना होणाऱ्या दुखापती बहुतेकदा पडल्याने होत नाहीत; अंगाला सवय नसताना एकाएकी वाढवलेल्या सरावाने होतात. वैनगंगेकाठच्या कारध्यासारख्या गावांत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना हे माहीत असणे फार गरजेचे आहे. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. जाहिरात निघाली की डांबरी रस्त्यावरचे धावणे दुपटीने वाढते. दम काही आठवड्यांत वाढतो, हाड मात्र तितक्या लवकर मजबूत होत नाही.

पहिला इशारा नडगी देते. तिच्या आतल्या कडेने चार-सहा बोटे लांबीभर ठणका लागत असेल, तर ताण हाडावरच्या आवरणावर आला आहे. धावणे थांबवून काही आठवडे सायकल किंवा पोहणे ठेवले की तो सहसा उतरतो. पण एका बोटाने नेमकी जागा दाखवता येत असेल, तिथे दाबताच कळ येत असेल आणि रात्रीही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी. असा तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणून पुन्हा पळायला लागणे घातक ठरते. एवढ्या घाईने पुढचे कित्येक महिने जातात.

कबड्डीत घोटा आणि गुडघा सापडतो. घोटा मुरगळल्यावर लगेच तेल लावून चोळणे, शेकणे ही घरोघरची रीत. पहिले दोन-तीन दिवस ती टाळावी, सूज वाढते. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर, एवढे पुरते. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबून दुखत असेल, तर नदीपलीकडे भंडाऱ्याला जाऊन एक्स-रे काढावा. गुडघ्यात ‘कट’ असा आवाज होऊन काही तासांत सूज आली, तर आतला अस्थिबंध तुटलेला असू शकतो. तो ओढून ‘बसवून’ घेऊ नये.

उन्हाळ्यात धावताना कोणी बरळू लागला, अडखळला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर थंड पाणी ओतत राहावे आणि १०८ ला फोन करावा.

सरावाचे अंतर आठवड्यागणिक थोडेथोडेच वाढवावे, मधे विश्रांतीचा दिवस ठेवावा, शक्य तिथे मातीवर धावावे आणि तळ झिजलेले बूट बदलावेत. दुखापतीनंतर एका पायावर वेदनेशिवाय उड्या मारता आल्या, की आधी चालणे, मग हळू धावणे आणि शेवटी वेग.