नाईट शिफ्ट करणारं शिवसुमन

दोस्ता, शिफ्ट म्हणजे काय, हे आपल्या कामगारवस्तीत, बजाजनगरात, पहिलीतलं पोरही सांगेल! कुणाचे बाबा फर्स्टला, कुणाची आई सेकंडला. नाईट करून आलेलं माणूस घरात झोपलेलं असलं, की आपण कुजबुजत खेळतो. हो ना?

आता ओळख बघू, झाडं शिफ्ट करतात का?

एक करतं! त्याचं नाव शिवसुमन. शिवाजी महाराज जन्मले त्या शिवनेरीच्या कड्यांवर ते राहतं. शिवाय पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या उंच जागी. आणि बाकीच्या जगात? कुठ्ठेच नाही! फक्त आपल्या महाराष्ट्रात!

फूल असतं रुपयाच्या नाण्याएवढं. पाच टोकांची चांदणीच! रंग उकडलेल्या बीटसारखा गडद, वर पिवळे ठिपके, जणू हळदीची बोटं उमटलीत. कडेला बारीक केस, थेट आपल्या पापण्यांसारखे! १८६०च्या दशकात डाल्झेल नावाच्या साहेबांनी त्याची शास्त्रात नोंद केली आणि मुंबईच्या गव्हर्नरच्या नावावरून नाव ठेवलं फ्रेरिया इंडिका. मला मात्र शिवसुमनच आवडतं.

पण ती शिफ्टची गंमत काय?

झाडाच्या अंगावर इवलीशी छिद्रं असतात. ती उघडली की हवा आत येते आणि त्या हवेतून झाड अन्न बनवतं. पण उघड्या छिद्रांतून पाणीही उडून जातं! दोरीवरचा ओला शर्ट उन्हात वाळतो ना, अगदी तसंच.

पावसाळ्यात पाणीच पाणी. म्हणून शिवसुमनाची पानं दिवसाची शिफ्ट करतात. उन्हाळा आला, की पानं चक्क गळून पडतात! मग झाड उपाशी?

छे! त्याचं जाडजूड हिरवं खोड नाईट शिफ्ट करतं. रात्री गार वाऱ्यात छिद्रं उघडतं, हवा आत घेतं आणि आंबट रस करून साठवतं. इडलीचं पीठ रात्रभर आंबतं, तसं हे खोड रात्रभर आतून आंबट होत जातं! सकाळी छिद्रं बंद. दिवसभर त्याच साठ्यावर, उन्हाच्या मदतीनं स्वयंपाक! एकाच झाडात दोन तऱ्हेची स्वयंपाकघरं आहेत, हे १९७७ साली जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवलं.

एवढं हुशार झाड, पण उरलंय किती थोडं! जगातल्या सगळ्यात धोक्यात असलेल्या १२ वनस्पतींच्या यादीत त्याचं नाव आलं होतं. शेळ्या खातात, वणवा जाळतो, दरड कोसळली की आख्खं घरच जातं. मला याची फार काळजी वाटते.

एक गोष्ट मात्र छान आहे. खोडाचा तुकडा मातीत लावला, तर त्याला मुळं फुटतात! शास्त्रज्ञ अशीच नवी रोपं वाढवतात. (गडावर मात्र तोडायचं नाही हं! नुसतं बघायचं.)

या उन्हाळ्यात रात्री कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी थांबली, की आठव. तिकडे शिवनेरीच्या अंधाऱ्या कड्यावर एक बिनपानांचं खोडही तेव्हाच कामाला लागलेलं असेल!