विमानाला जमीन दिसत नाही

रेडिओ कंट्रोल विमान शिकणाऱ्याचा घात बहुतेकदा वळणावर होतो. वाऱ्याकडे तोंड करून निमूट चाललेलं विमान वळतं, वारा पाठीवर घेतं आणि एकाएकी सुसाट सुटल्यासारखं दिसतं. घाबरलेला अंगठा थ्रॉटल खाली ओढतो. पुढच्या काही सेकंदांत मैदानभर पांढऱ्या फोमचे तुकडे!

खापर वाऱ्यावर फुटतं. पण फसवलेलं असतं डोळ्यांनी.

किलोभर वजनाचं, सव्वा मीटर पंखांचं ट्रेनर विमान घ्या. त्याचा वेग ताशी २७ किलोमीटरच्या आसपास उतरला की ते स्टॉल होतं, म्हणजे पंखांना वजन पेलत नाही. हा वेग हवेतला, जमिनीवरचा नव्हे. विमान हवेतून ४० च्या वेगानं जातंय आणि वारा २० चा आहे, असं धरू. वाऱ्याला सामोरं जाताना ते २० नं सरकताना दिसेल, वारा मागून आला की ६० नं. पंखांवरून हवा मात्र दोन्ही वेळा ४० नंच वाहते. आता थ्रॉटल कमी करून 'बेताचा' ४५ दिसू लागला, तर हवेतला वेग उरला २५. विमान पळताना दिसतं आणि कोसळतं.

बॅटरीचा हिशेबही इथेच चुकतो. वाऱ्याबरोबर अर्धा किलोमीटर जायला लागतो अर्धा मिनिट, परतायला दीड. म्हणून जाणकार विमान कायम वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवतात.

ट्रेनरचे पंख टोकांकडे किंचित वर उचललेले असतात. शांत हवेत कललेलं विमान त्यामुळे आपोआप सरळ होतं. आडव्या झोताला मात्र हीच रचना सापडते आणि वाऱ्याकडचा पंख उचलला जातो. हल्ली विमानातला जायरो, म्हणजे तोल सांभाळणारं उपकरण, हा कल सावरून घेतो. पण साध्या जायरोला हवेतला वेग कळत नाही, त्यामुळे वरची चूक तो टाळू शकत नाही.

उतरतानाचा धोका आणखी छुपा. गवत, झुडपं, घरं वाऱ्याला अडवतात, त्यामुळे जमिनीलगत वारा मंद असतो. समोरचा २० चा वारा खाली १२ वर आला, तर विमानाच्या वेगातले आठ क्षणात गळतात, तेही जमीन हातभर उरलेली असताना. अशा वेळी थोडा थ्रॉटल ठेवूनच उतरवावं.

मग किती वाऱ्यात उडवायचं? ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टनं १८०५ मध्ये वाऱ्याची श्रेणी आखली. नंतर तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. तिसऱ्या पायरीवर, ताशी १२ ते १९ किलोमीटरला, पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात. चौथीवर धूळ आणि सुटे कागद उडतात. धूळ उडू लागली की नवशिक्यानं विमान गाडीतच ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत यावं.