रिपोर्टला न सापडणारा विषाणू

देवळाली प्रवराच्या उसाच्या रानात लव्हाळा कितीही खुरपा, मातीखालच्या गाठी पुढच्या पाण्याला पुन्हा फुटतात. एचआयव्हीचं तसंच आहे. 2004 पासून सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी उपचार) केंद्रांत मोफत गोळ्या मिळू लागल्या. त्या नियमित घेणाऱ्याच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या, रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ (विषाणू सापडला नाही) असं येतं. शरीरसंबंधातून जोडीदारालाही मग लागण होत नाही.

आजार मात्र गेलेला नसतो! माणसाच्या एका पेशीत डीएनएची सुमारे सहाशे कोटी अक्षरं असतात. सीडी4 या रोगप्रतिकारक पेशींपैकी काहींत विषाणूची दहा हजारांहूनही कमी अक्षरं त्यांतच मिसळून बसतात. पेशी निपचित, म्हणून विषाणूही गप्प, आणि गप्प विषाणूवर गोळीचा इलाज चालत नाही. गप्प विषाणूचा हा साठा 1997 मध्ये सिद्ध झाला. विषाणू उठवू शकणारी पेशी दहा लाख निद्रिस्त सीडी4 पेशींत साधारण एखादीच. साठा निम्मा व्हायलाच 44 महिने लागतात. पुरता आटायला सत्तरच्या वर वर्षं, असा हिशेब संशोधक रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने 2003 मध्ये मांडला.

आता हा साठा मोजायचा कसा? खरी गंमत इथे आहे. साधी पीसीआर (जनुकीय चाचणी) केली तर आकडा फुगतो, कारण सापडणाऱ्या प्रतींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मोडक्या, नवा विषाणू घडवू न शकणाऱ्या असतात. पेशी प्रयोगशाळेत जाग्या करून मोजावं, तर भरपूर रक्त लागतं, आठवडे जातात आणि सगळ्या पेशी एका हाकेला उठतही नाहीत. 2019 मध्ये युक्ती निघाली: विषाणूच्या जनुकसंचात दोन ठिकाणी खूण तपासायची आणि दोन्ही जुळल्या तरच प्रत धडधाकट धरायची. पण ही चाचणी पाश्चात्त्य देशांतल्या एचआयव्हीच्या ‘बी’ उपप्रकारावर बेतलेली. भारतात बहुतांश ‘सी’. अक्षरं बदलली की खूण जुळत नाही, असलेला विषाणू नसल्यासारखा मोजला जातो. त्यामुळे ‘सी’साठी खुणा नव्याने बेताव्या लागतात.

विषाणू दडलेल्या पेशीच्या पृष्ठभागावरच ओळखपट्टी मिळाली तर? 2017 मध्ये सीडी32ए हे प्रथिन अशी ओळखपट्टी असल्याच्या दाव्याचा मोठा गाजावाजा झाला. वर्षभरातच इतर प्रयोगशाळांनी तो दावा खोडला. माझ्या मते असं खोडणंही या शोधाला पुढेच नेतं.

गोळ्या बंद करून चालतील की नाही, हे सांगणारी एकही रक्तचाचणी आज नाही. बंद केल्या तर बहुतेकांत काही आठवड्यांतच विषाणू परततो. तेव्हा रिपोर्ट कितीही चांगला आला, तरी गोळी चुकवू नका.