वाऱ्यानं पाडलेला निरफणस आणि सतावालची होडी



तुमच्यापैकी ज्या कोकणातल्या आहेत, त्यांना निरफणस काय ते सांगायला नको. रवा लावून त्याचे काप तव्यावर परतले की त्या दिवशी मासळी नसली तरी कुणी कुरकुर करत नाही. घाटावरच्या मैत्रिणींसाठी सांगते, दिसायला तो लहान फणसासारखा, पण आत गरे नाहीत की आठळ्या नाहीत. भाजीसारखा चिरायचा. प्रशांत महासागरातल्या बेटांवर हाच निरफणस म्हणजे रोजची भाकरी. तिथल्या सतावाल बेटावर त्याच्यासाठी एक खास शब्द आहे, 'मायसू'. वादळवाऱ्यानं झाडावरून पडलेला निरफणस म्हणजे मायसू. तो कुणीही उचलून न्यावा, कुणी अडवत नाही.

हे नाव एका होडीला दिलं गेलं आहे. दूरच्या दर्यावर्दी लोकांनी पगार न घेता ती होडी बांधली आणि सहा हजार किलोमीटरहून जास्त समुद्र ओलांडून सतावालच्या माणसाला नेऊन दिली. आपण गटातल्या बायका 'मदत' हा शब्द रोज ऐकतो. पण या गोष्टीत मला मदतीपेक्षा 'परतफेड' दिसली, म्हणून ती तुम्हाला सांगावीशी वाटली.

आधी सतावाल म्हणजे काय ते बघा. मायक्रोनेशिया नावाच्या देशातलं हे बेट दीड चौरस किलोमीटरसुद्धा नाही. आपल्याकडची एखादी वाडी आणि तिची शेतं मिळून त्याहून मोठी असतील. वस्ती पाचशेच्या आसपास. सरकारी कचेऱ्या आहेत त्या याप बेटावर, आणि ते सुमारे हजार किलोमीटर लांब. विमानतळ नाही, बंदर नाही. तांदूळ, रॉकेल, औषधं घेऊन येणारं जहाज कधी यायचं ते यायचं, मध्ये महिनेच्या महिने जातात. अशा ठिकाणी होडी नसेल तर मासळी नाही, शेजारच्या बेटावरच्या लेकीची खबर नाही, काही नाही.

ही होडी करतात कशी, ते आपल्याला लगेच कळेल, कारण सामान ओळखीचं आहे. निरफणसाचा मोठा बुंधा कोरून तळ करतात. त्यावर फळ्या चढवतात, पण खिळे मारत नाहीत, काथ्याच्या दोरीनं शिवतात. नारळाची सोडणं पाण्यात कुजवायची, बडवायची, धागे मोकळे करून मांडीवर वळायचे. तिथे हे काम म्हातारे पुरुष गप्पा मारत करतात. फटी बुजवायला निरफणसाचाच चीक. होडी कलंडू नये म्हणून एका बाजूला आडव्या लाकडांवर बांधलेली उलांडी, आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडच्या होडीला असते तशीच. शीड पूर्वी केवड्याच्या जातीच्या पानांचं असे, चटईसारखं विणलेलं, आणि ते विणणं बायकांचं काम. आता शीड कापडाचं असतं. या बेटांवर अळवाची खाचरं बायका बघतात आणि कूळ, जमीन आईच्या बाजूनं चालते. दर्यातली वाट ओळखायची विद्या मात्र पुरुषांकडेच ठेवलेली होती. तेही सांगायला हवं.

तर ही वाट ओळखायची विद्या. होकायंत्र नाही, नकाशा नाही. कुठला तारा कुठे उगवतो आणि कुठे मावळतो हे पाठ. मुलांना शिकवताना चटईवर दगडगोटे गोल मांडतात, एकेक दगड म्हणजे क्षितिजावरची एकेक जागा, अशा बत्तीस. ढग आले आणि तारे झाकले तर लाटांवरून ओळखायचं, लाट होडीला कुठल्या अंगानं उचलते ते. संध्याकाळी मासे घेऊन परतणारे पक्षी ज्या दिशेला जातात, तिकडे जमीन.

माऊ पिआइलुग हा माणूस १९३२ मध्ये सतावालला जन्मला. तो तान्हा असतानाच आजोबांनी त्याला या विद्येसाठी निवडलं. समुद्र अंगाला कळावा म्हणून किनाऱ्यावरच्या पाण्याच्या डबक्यात बसवायचे म्हणे. ही विद्या घराण्यातच राहायची, बाहेरच्याला द्यायची नाही, असा कडक नियम. पण माऊ मोठा झाला तोवर बेटावरची पोरं शाळेसाठी बाहेर जाऊ लागली होती, इंजिनाच्या बोटी आल्या होत्या. रात्र रात्र तारे पाठ करायला कोण बसणार?

तिकडे हवाई बेटांवर उलटी अडचण होती. शिकायची इच्छा होती, पण शिकवणारा उरला नव्हता. आपले पूर्वज शिडाच्या होड्यांतून ठरवून ही बेटं शोधत आले, असं तिथले लोक सांगायचे, आणि काही अभ्यासक म्हणायचे, छे, ते वाऱ्याबरोबर वाहत आले असतील. म्हणून १९७३ मध्ये एक संस्था काढून त्यांनी जुन्या पद्धतीची दोन तळांची मोठी होडी बांधली. नाव ठेवलं 'होकुलेआ'. हे एका ताऱ्याचं नाव, आपण त्याला स्वाती म्हणतो. होडी झाली, पण ताऱ्यांवर ती नेणार कोण? शोधत शोधत ते माऊकडे पोचले.

माऊनं हो म्हटलं. १९७६ च्या मे महिन्यात होडी निघाली आणि जूनच्या सुरुवातीला, सुमारे चार हजार किलोमीटर जाऊन, ताहितीला लागली. वाट शोधायला एकही यंत्र वापरलं नाही. किनाऱ्यावर सतरा हजारांच्या वर माणसं जमली होती.

आता इथे एक गोष्ट झाली, ती आपल्या सभेत वाचून दाखवावी अशी आहे. वाटेत होडीवर भांडणं झाली. कोण काम करतं, कोण करत नाही, कुणाचं ऐकायचं. माऊला ते इतकं लागलं की ताहितीला पोचल्यावर तो कुणाला न भेटता आपल्या बेटावर निघून गेला. मला शोधायला येऊ नका, एवढा निरोप टेपवर ठेवून. परतीचा प्रवास त्याच्याविना झाला. (त्या परतीच्या प्रवासात खलाशांमध्ये दोन बायका होत्या, हे जाता जाता सांगते.) १९७८ मध्ये हवाईच्या लोकांनी पुन्हा होडी काढली, ती थोड्याच वेळात वादळात उलटली. मदत आणायला म्हणून एडी आयकाऊ नावाचा जवान फळीवरून निघाला. तो परत आला नाही.

त्यानंतर नाइनोआ थॉम्पसन हा तरुण माऊकडे गेला आणि शिकवायची विनंती केली. माऊ रागावून गेलेला माणूस. पण पूर्ण तयारी न करता ही पोरं पुन्हा समुद्रात उतरली तर पुन्हा कुणी जाईल, हे त्याला दिसत होतं. तो हवाईला आला आणि शिकवलं. १९८० मध्ये नाइनोआनं स्वतः होडी ताहितीला नेली आणि परत आणली.

माऊला याची किंमत मोजावी लागली. घराण्याची विद्या परक्यांना वाटली, म्हणून त्याच्याच बेटांवरचे जुने जाणते त्याच्यावर नाराज झाले. बाईनं कमावलेली कला गावाबाहेर शिकवली की काय काय ऐकावं लागतं, ते आपल्यातल्या काही जणींना माहीत आहे. माऊचं गणित साधं होतं. पेटीत ठेवलेलं आपल्याबरोबर जाणार, वाटलं तर उरणार. आमच्याकडच्या एका ग्रामसंघात हिशेब लिहिणारी ताई बाळंतपणाला माहेरी गेली, आणि दोन महिने एकाही गटाचा हप्ता वहीत चढला नाही. वही होती, पैसे होते. वही कशी लिहायची ते एकटीलाच माहीत होतं.

आता होडीकडे येऊ. हवाईच्या मोठ्या बेटावर माऊच्या शिष्यांनी 'मकालीई' नावाची दुसरी होडी बांधली होती. मकालीई म्हणजे आपल्या कृत्तिका. १९९९ मध्ये हे लोक मकालीई घेऊन थेट सतावालला गेले, आपल्या गुरूला त्याच्या होडीपरंपरेतूनच घरी पोचवायला. त्या प्रवासात तांडेल क्ले बर्टेलमन आणि त्याच्या माणसांनी ठरवलं, यानं आपल्याला एवढं दिलं, त्याच्याकडे अशी मोठी होडी नाही, तर आपण ती बांधून द्यायची.

बोलणं सोपं होतं. कावाइहाए बंदरात काम सुरू झालं ते वर्षांनुवर्षं चाललं. हवाईतली आणि इतर बेटांवरची, अगदी बाहेरच्या देशातली माणसंही येऊन हात लावून गेली. सगळे स्वयंसेवक. ज्यानं शब्द दिला तो क्ले २००४ मध्ये वारला. होडी अर्धवट होती. आपल्याकडे पुढाकार घेणारी ताई गेली की काम तिथेच पडतं, असं किती वेळा बघितलंय! इथे क्लेचा भाऊ शॉर्टी आणि बाकीच्यांनी ते हातात घेतलं आणि पुरं केलं. पंचावन्न फुटांहून लांब, दोन तळांची होडी. नाव 'अलिंगानो मायसू'. वाऱ्यानं पाडलेला, कुणीही घ्यावा असा निरफणस.

जानेवारी २००७ मध्ये मायसू आणि होकुलेआ हवाईहून एकत्र निघाल्या. मार्शल बेटं, पोह्नपेई, चूक करत मार्चमध्ये सतावालला लागल्या आणि होडी माऊच्या ताब्यात दिली. त्याच वेळी माऊनं 'प्वो' हा विधी केला, म्हणजे दर्यातल्या वाटाड्याला मान्यता देण्याचा. पाच हवाईचे आणि आसपासच्या बेटांवरचे अकरा, अशा सोळा जणांना त्यानं मान्यता दिली. घराण्याबाहेर विद्या दिली म्हणून जो बोल खात होता, त्यानंच घरच्यांना आणि बाहेरच्यांना एकाच रांगेत बसवलं.

मला एक गोष्ट मात्र खटकली होती. सतावालला बंदरच नाही, एवढी मोठी होडी ठेवणार कुठे? खरंच, मायसूचा मुक्काम पुढे यापला आणि मग पलाऊला राहिला. भेट देणाऱ्यानं घेणाऱ्याचं अंगण आधी मोजावं, हे आपण पिठाची गिरणी आणि शिलाई मशिनं घेताना शिकलो आहोत. पण नंतर वाटलं, रोजच्या मासेमारीला त्यांची उलांडीची होडी आहेच आणि ती त्यांना स्वतः करता येते. मायसू आली ती लांबच्या प्रवासाला आणि शिकवायला.

माऊ १२ जुलै २०१० ला सतावालवरच वारला. मायसूचा तांडेल त्याचा मुलगा सेसारिओ सेवरालूर. त्यानं पलाऊच्या महाविद्यालयात हीच विद्या शिकवली.