विजेच्या गाडीचा टायर आणि खान्देशचं ऊन

धरणगावात जानेवारीची पहाट आठ-दहा अंशांपर्यंत उतरते आणि मे महिन्याची दुपार पंचेचाळीसच्या पुढे चढते. गावातून निघून पाळधीला महामार्गाला लागणारी, बांभोरीच्या पुलावरून गिरणा ओलांडून जळगावला जाणारी आणि भर दुपारी परत येणारी गाडी हा सगळा फरक टायरच्या जोरावर सोसते. मधल्या चार महिन्यांत पाऊस आणि काळ्या मातीचा चिखल असतो, तो वेगळाच. अशा गावात विजेची गाडी घेतली, तीन-चार वर्षांत पहिले टायर घासून गोटा झाले, की मालकापुढे प्रश्न येतो: आता कोणते बसवायचे? मोबाइलवर शोधलं तर ‘विंटर’, ‘ऑल सीझन’, ‘ऑल वेदर’, ‘ईव्ही स्पेशल’ अशी नावं समोर येतात. विंटर म्हणजे हिवाळा आणि हिवाळा तर आपल्याकडेही असतो, असं वाटून माणूस गोंधळतो. बारा महिने चालतो तो ऑल वेदर, मग तोच घ्यावा, असंही कोणी सुचवतं. चार टायरांना चांगली मोठी रक्कम लागते, त्यामुळे निवड करण्यापूर्वी ही वस्तू नीट समजून घेतलेली बरी.

बर्फासाठी जन्मलेला टायर

हिवाळी टायरचं मूळ फिनलंडमध्ये आहे. आज नोकियन टायर्स नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९३४ मध्ये बर्फातून जाणाऱ्या ट्रकसाठी खास टायर काढला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी ‘हाक्कापेलीटा’ आणला. त्यामागची गरज साधी होती. गुळाची ढेप थंडीत दगडासारखी होते आणि वैशाखात हाताला चिकटते, रबराचंही तसंच आहे. सात अंशांच्या खाली साधा टायर कडक होऊ लागतो आणि रस्ता धरत नाही. म्हणून हिवाळी टायरचं मिश्रण असं करतात की ते गोठणाऱ्या थंडीतही लवचिक राहावं. त्याच्या नक्षीच्या ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात, त्यांच्या कडा बर्फात रुततात आणि गाडी पुढे सरकते.

उन्हात नेमके हेच गुण अंगाशी येतात. तापलेल्या डांबरावर मऊ रबराचे चिरलेले ठोकळे वाकतात, ब्रेक दाबल्यावर गाडी जास्त अंतर जाऊन थांबते, वळणावर टायर डोलल्यासारखा वाटतो आणि नक्षी झपाट्याने झिजते. धरणगावात पारा सात अंशांपर्यंत गेलाच तर एखाद्या पहाटे काही तास जातो आणि दुपारी पुन्हा तिशीकडे येतो. हिवाळी टायरला अख्खा ऋतू थंड लागतो. तो आपल्याकडे नाही.

दोन्ही ऋतूंत चालेल अशी मधली वाट गुडइयरने १९७७ मध्ये ‘टिएम्पो’ टायरने रूढ केली, तोच ऑल सीझन. पुढे त्यातला बर्फावर खरा उतरणारा प्रकार ऑल वेदर म्हणून ओळखला जाऊ लागला. दोन्हींमधला फरक टायरच्या बाजूवरच्या खुणेवरून कळतो. नुसतं ‘एम + एस’ असेल तर तो चिखल-बर्फाबद्दलचा कंपनीचा स्वतःचा दावा असतो. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल तर तो टायर बर्फावरच्या ठरलेल्या चाचणीत उत्तीर्ण झालेला असतो. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून हेच चिन्ह ग्राह्य धरतात. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ विजेच्या होत्या आणि त्या सगळ्या तिथल्या हिवाळ्यातून धावतात. म्हणजे विजेच्या गाडीला हिवाळी टायर लावण्याचा विचार चुकीचा मुळीच नाही, तो त्या मुलखाचा आहे. खान्देशातून माँट्रियलला किंवा म्युनिकला गेलेल्या कुटुंबाने हे चिन्ह जरूर शोधावं. बर्फ महिनोन्‌महिने साचतो तिथे हिवाळी टायरांचा वेगळा संच हवा, वर्षात चार-आठ दिवस पडतो तिथे ऑल वेदर पुरतो. आपल्याकडचे विक्रेते ज्याला ऑल सीझन म्हणतात, तो बहुतेक वेळा ऊन आणि पाऊस यांच्यासाठी बनवलेला टायर असतो, आणि आपल्याला हवाही तोच असतो.

विजेची गाडी टायरकडून काय मागते

पहिली मागणी वजनाची. बॅटरीमुळे विजेची गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असते. टाटा नेक्सॉनच्या पेट्रोल आणि विजेच्या गाड्यांची तुलना केली तरी साधारण दीडशे किलोंचा किंवा त्याहून जास्त फरक दिसतो. हा भार टायरला दिवसरात्र, गाडी उभी असतानाही उचलायचा असतो.

दुसरी मागणी ताकदीची. पेट्रोल इंजिनाचा जोर फेरे वाढतील तसा चढत जातो, विजेची मोटर मात्र पाय पडताच पूर्ण जोर देते. तो सगळा जोर रस्त्याला टेकलेल्या रबराच्या थोड्याशा जागेतून जातो. त्याशिवाय पॅडलवरून पाय काढला की मोटर उलट काम करून वीज परत साठवते आणि तेव्हाही तीच चाकं गाडीला अडवतात. धरणगावहून चाळीसगावमार्गे छत्रपती संभाजीनगरला जाताना कन्नडचा घाट लागतो. १८२५ मध्ये धरणगावात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमच्या नावाने तो औट्रम घाट म्हणूनही ओळखला जातो. परतीच्या वाटेवर तो उतरताना विजेची गाडी ब्रेक फारसे न वापरता बॅटरीत थोडी भर घालते, पण त्या उताराचा ताण मोटरच्या चाकांवरचे टायर सोसतात. आपल्याकडच्या बहुतेक लहान विजेच्या गाड्यांची मोटर पुढची चाकं फिरवते, त्यामुळे पुढचे टायर आधी झिजतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे करणं अशा गाडीसाठी फार गरजेचं आहे.

तिसरी मागणी काटकसरीची. टायर फिरताना सतत दबतो आणि पुन्हा उभारतो, त्यात ऊर्जा वाया जाते. हाच रोलिंग रेझिस्टन्स. पेट्रोल गाडीत इंधनाचा मोठा भाग इंजिनाच्या उष्णतेतच जातो. विजेच्या गाडीत तसं नसल्याने एकूण खर्चात टायरचा वाटा मोठा ठरतो, आणि चुकीचा टायर बसवला की एका चार्जिंगमध्ये मिळणारे किलोमीटर लगेच घटलेले दिसतात. चौथी मागणी शांततेची. इंजिनाचा आवाज नाही म्हटल्यावर टायरची घरघर कानात भरते. म्हणून काही टायरांच्या आत फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. अपोलोचा ‘अँपेरियन’ आणि सिएटचा ‘एनर्जीड्राइव्ह’ हे विजेच्या मोटारींसाठी आणलेले देशी टायर आहेत. हिवाळी आणि ऑल सीझन टायरांसाठी नावाजलेली नेदरलँड्सची फ्रेडेस्टाइन कंपनीही २००९ पासून अपोलोकडे आहे. हे तंत्र आपल्या कारखान्यांना परकं राहिलेलं नाही.

ऊन, हवा आणि काळी माती

खान्देशात टायरचा मोठा शत्रू उष्णता आहे. उन्हाने रबर जुनं होतं, बाजूला बारीक चिरा पडतात आणि नक्षी शाबूत असूनही टायर आतून कमकुवत होतो. त्यातच आपल्या भागात एक समजूत पक्की बसली आहे: उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून चार पॉइंट कमी भरावी. हा सल्ला धोक्याचा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, जास्त वाकली की जास्त तापते आणि तापता तापता फुटते. जड गाडीत हे आणखी लवकर घडतं. उन्हाने वाढणारा दाब कंपनीने आधीच हिशेबात धरलेला असतो. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेला आकडा गार टायरचा असतो, आणि उन्हाळ्यातही तोच भरायचा.

हिशेब करून पाहा. मे महिन्याच्या दुपारी, पंचेचाळीस अंशांत, टायरमध्ये ३३ पॉइंट हवा भरली. जराही गळती नसली तरी डिसेंबरच्या नऊ अंशांच्या पहाटे तोच काटा साधारण २७-२८ दाखवतो. म्हणजे हिवाळ्याने आपल्यासाठी खरोखर काही बदललं असेल तर ती हवा आहे. नायट्रोजन भरला म्हणून हे टळत नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोरडा वायू मिळतो हा त्याचा फायदा खरा, पण उष्णतेने तोही तसाच फुगतो.

पावसाचं गणित वेगळं आहे. पहिल्या सरींत धूळ आणि तेलाचा थर सुटतो. पुढे शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती महामार्गावर आणतात आणि तिचा गुळगुळीत लेप बनतो. तिथे टायरच्या खोबणीने पाणी बाहेर फेकलं नाही तर चाक पाण्यावर तरंगतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. खोबणीत दिसणारी रबराची छोटी उंचवट्याची खूण नक्षीच्या बरोबरीला आली की ती मर्यादा गाठलेली असते. ही कायद्याची शेवटची रेघ आहे. जड गाडी घेऊन पावसाळ्यात जायचं तर तीन मिलिमीटर उरले असतानाच टायर बदलावेत.

समृद्धी महामार्गाने हा धडा साऱ्या महाराष्ट्राला दिला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि टायर फुटण्याच्या अपघातांनी घासलेले, जुने आणि कमी हवेचे टायर चर्चेत आणले. तासन्‌तास एकाच वेगाने काँक्रीटवर धावताना टायरला गार व्हायला उसंत मिळत नाही. खान्देशातून शिर्डी किंवा छत्रपती संभाजीनगर गाठून या मार्गाला लागणाऱ्या प्रत्येकाने आधी हवा पाहावी.

टायर कसा निवडावा

दुकानात गेल्यावर टायरची बाजू वाचा. समजा, २१५/६० आर १६ ९५ एच असं लिहिलं आहे. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६० हे रुंदीच्या टक्केवारीत उंची, आर म्हणजे रेडियल आणि १६ इंचाची रिम. पुढचा ९५ हा भाराचा अंक सगळ्यांत महत्त्वाचा आहे. ९५ म्हणजे एक टायर ६९० किलो पेलतो, ८२ म्हणजे ४७५ किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेगापर्यंतची क्षमता. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या भाराच्या अंकापेक्षा कमी अंकाचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्याच मापाचा पेट्रोल गाडीचा टायर रिमवर बसतो, पण तेवढ्याने तो वजन पेलेल असं नाही. नंतर चार आकडी तारीख पाहा. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर उन्हाच्या मुलखात घेण्यात अर्थ नाही. आयएसआय चिन्ह हवंच. रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या मर्यादा केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचित केल्या आहेत. ऊर्जा बचतीचे तारे टायरवरही येऊ लागले आहेत. ते पाहा, पण ताऱ्यांसाठी ओल्या रस्त्यावरची पकड सोडू नका. दहा-पंधरा किलोमीटर कमी मिळाले तरी माणूस घरी पोहोचतो.

पंक्चर काढणाऱ्यालाही दोन गोष्टी सांगाव्या लागतात. विजेच्या गाडीच्या पोटाशी बॅटरी असते, म्हणून जॅक फक्त पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावायचा. आणि टायरमध्ये फोम असेल तर आतून पॅच लावण्याआधी तेवढा भाग खरवडून काढावा लागतो.

निवाडा स्पष्ट आहे. धरणगावात, जळगावात, धुळ्यात विजेच्या गाडीला हिवाळी टायर नको, बर्फाच्या चिन्हाचा ऑल वेदरही नको. योग्य भाराचा, ताज्या तारखेचा, ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेला आणि जमल्यास विजेच्या गाडीसाठीच बनवलेला टायर घ्या आणि पंधरा दिवसांनी एकदा सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी हवा तपासा. पेट्रोलच्या गाडीला पंपावर जावंच लागायचं आणि जाता जाता हवाही बघितली जायची. विजेची गाडी घरीच चार्ज होते, तेव्हा ती सवय सुटते. म्हणून प्रत्येक मालकाने घरात हवेचा गेज आणि छोटा पंप ठेवावा, आणि खान्देशात चार्जिंग केंद्रं उभारणाऱ्यांनी प्लगशेजारी हवेची नळीही बसवावी.