पुडीतली गोळी आणि पिट्युटरीचा नळ

राजूरमध्ये कोळसा खाण आहे, चुनाभट्ट्या आहेत. धुळीत राबणाऱ्याला दम लागतो, कंबर-गुडघे धरतात. मग कोणीतरी पुडी देतो आणि दोन दिवसांत माणूस टुणटुणीत होतो. अशा पुडीत पुष्कळदा स्टेरॉईड असतं: प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन. औषध म्हणून ते मोलाचंच आहे. त्यामागच्या शोधाला १९५० साली नोबेल मिळालं. पण ते थेट डोक्यातल्या एका जनुकाला हात घालतं, हे पुडी देणारा सांगत नाही.

मेंदूच्या तळाशी मटाराएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्या काही पेशी ‘पॉम्क’ नावाचं जनुक वाचून एसीटीएच हे संप्रेरक तयार करतात. त्याच्या हुकमावर मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. कॉर्टिसॉलशिवाय रक्तदाब टिकत नाही, आजारपण झेपत नाही. ते पुरेसं झालं की पिट्युटरीच्या पेशीत शिरतं, तिथल्या एका प्रथिनाला चिकटतं, आणि ही जोडी त्या जनुकाचं वाचन कमी करते. टाकी भरली की फुगा वर येऊन नळ बंद करतो, तसंच.

गोळीतलं स्टेरॉईड पिट्युटरीला कॉर्टिसॉलच वाटतं. तीन-चार आठवड्यांहून जास्त चाललं तर नळ बंदच राहू लागतो, पुढे अ‍ॅड्रीनल ग्रंथी आक्रसतात. अशात पुडी एकदम थांबवली तर बाहेरचं स्टेरॉईड संपलेलं आणि घरचं कॉर्टिसॉल बनत नाही. गळून जाणं, ओकाऱ्या, पोटदुखी, चक्कर. त्यात ताप किंवा ऑपरेशन आलं तर जिवावर बेतू शकतं. याला कोणी ‘बाहेरचं’ म्हणेल. अंगाऱ्यात वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा.

मजुरी बुडू नये म्हणून बाई पुडी घेते, तिला काय बोलणार? राग येतो तो नाव न लिहिता पुडी बांधणाऱ्याचा.

बरेच दिवस पुडी घेतली असेल तर मनानं बंद करू नका. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, गरज पडल्यास सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल तपासतात. ग्रंथी पूर्ववत व्हायला काही महिने, कधी वर्षही लागतं. दम्याच्या पंपाची गोष्ट वेगळी: त्यातलं औषध मुख्यतः फुप्फुसात काम करतं, नेहमीच्या डोसला हा धोका खूप कमी. तो या भीतीनं सोडू नका.

वणीला दवाखान्यात जाताना उरलेली गोळी, रिकामी पट्टी, जे असेल ते सोबत न्या. काहीच नसेल तर किती महिने घेतली आणि चेहरा गोल झाला का, एवढं तरी सांगा.