ठेका धरणाऱ्याचे नाव

पुण्याच्या गणेशविसर्जनात मुळशी आणि मावळ तालुक्यांतून येणाऱ्या ढोल-लेझीम पथकांची परंपरा जुनी आहे. भाताच्या खाचरांत राबलेले हात ढोलावर पडले की रस्ता दुमदुमून जातो. पाहणारे थांबतात, माना डोलावतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. त्या पथकाचा ठेका कोणी बसवला, हे विचारावे असे मात्र कोणालाही सुचत नाही. ही रीत रस्त्यापुरतीच आहे असेही नव्हे. अहमदजान थिरकवा यांच्यासारखा तबल्यातील थोर कलावंत एके काळी गंधर्व नाटक मंडळीत होता. तरीही जुन्या ध्वनिमुद्रिकांवर बहुधा गायकाचेच नाव छापलेले आढळते. तालवाद्य म्हणजे साथ आणि साथ म्हणजे दुय्यम, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे.

हे समीकरण किती अपुरे आहे, याचा पुरावा त्रिलोक गुर्टू यांच्या ध्वनिमुद्रिकांत सापडतो. गुर्टू यांचा जन्म १९५१ सालचा, मुंबईतला. १९२५ साली बेळगावात जन्मलेल्या आणि ठुमरी-दादऱ्याच्या गायनासाठी विख्यात झालेल्या शोभा गुर्टू या त्यांच्या मातोश्री. शाह अब्दुल करीम यांच्याकडे त्यांनी तबल्याची तालीम घेतली आणि पुढे पाश्चात्त्य ड्रम्सही आत्मसात केले. सत्तरच्या दशकात ते युरोपात गेले, जॅझ वादकांच्या मेळ्यात वाजवू लागले आणि जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात स्थायिक झाले.

जॅझमध्येही ड्रम्सवादकाचे स्थान दीर्घकाळ गतीचा राखणदार एवढेच होते. १९६० साली अमेरिकेत मॅक्स रोच यांनी कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्यावरील आपली रचनामालिका ध्वनिमुद्रित केली. तालवादक हाही संगीतकार असू शकतो, याची ग्वाही त्या मुद्रिकेने दिली. इटलीतील आन्द्रेआ चेन्तात्सो या तालवादक-संगीतकाराने १९७६ मध्ये ‘इक्टस’ ही स्वतःची ध्वनिमुद्रण संस्थाच काढली. मैफिलीत ज्याला मागच्या रांगेत बसवले जाते, त्याला ध्वनिमुद्रिकेवर आपले नाव लावता येते आणि तिचा आराखडाही स्वतः ठरवता येतो. तालवादकाच्या दृष्टीने ध्वनिमुद्रणाचे खरे महत्त्व यातच आहे.

गुर्टू यांना ही संधी मिळण्यापूर्वी त्यांनी इतरांच्या मेळ्यांत पुष्कळ वर्षे काढली. कॉलिन वॉलकॉट यांच्या १९८४ मधील अपघाती निधनानंतर ‘ओरेगन’ या अमेरिकन मेळ्यात त्यांची जागा गुर्टू यांनी घेतली. गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन यांच्या त्रयीतही ते होते. या त्रयीचे नोव्हेंबर १९८९ मधील लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील वादन ध्वनिमुद्रित झालेले आहे. ड्रम्सवादक सामान्यतः स्टुलावर बसून वाजवतो. गुर्टू जमिनीलगत, गुडघे टेकून वाजवतात, आणि तबला व ड्रम्स एकाच बैठकीत त्यांच्या हाताशी असतात. त्यांच्याजवळ पाण्याने भरलेली बादलीही असते. झणझणती धातूची थाळी तीत बुडवली की तिचा स्वर खाली उतरत जातो. ठरावीक सुरांत न बसणारा नाद अशा रीतीने वाकवून घेणे, हा त्यांच्या रचनेचाच एक भाग आहे.

स्वतःच्या नावाची ‘उसफ्रेत’ ही मुद्रिका १९८८ मध्ये आली. तीत राल्फ टाउनर, तुतारीवादक डॉन चेरी आणि व्हायोलिनवादक एल. शंकर आहेत, पण सर्वांत लक्षणीय आहे तो शोभाताईंचा आवाज. आयुष्यभर जिने तबलजींच्या साथीने गायिले, ती गायिका येथे तालवादकाच्या रचनेत गाते, आणि तो तालवादक तिचाच पुत्र असतो. साथीचे जुने नाते येथे पुरते उलटे झाले आहे. १९९१ च्या ‘लिव्हिंग मॅजिक’मध्ये नॉर्वेचे यान गारबारेक आणि ब्राझीलचे नाना व्हास्कॉन्सेलोस सहभागी झाले. १९९३ च्या ‘क्रेझी सेंट्स’मध्ये पॅट मथीनी आणि जो झाविनुल यांच्यासारखे नामवंत आले. २००६ मध्ये इटलीच्या ‘आर्के’ या तंतुवाद्यांच्या चौकडीसह ‘आर्किऑलॉजी’ निघाली आणि २०१३ च्या ‘स्पेलबाउंड’मध्ये सार्डिनियाचे पाओलो फ्रेझू यांची तुतारी आली.

एवढ्या भिन्न घराण्यांच्या कलावंतांना एकत्र बांधणारे सूत्र कोणते? तबल्यातील कायदा म्हणजे एका छोट्या बोलाचा शिस्तशीर विस्तार. तिहाई म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर अचूक येणे. विस्तार, ताण आणि परतणे ही संगीतरचनेची तिन्ही अंगे ठेक्यातच आहेत. ती स्वरवाद्यांनाही लागू करता येतात, हे गुर्टू यांनी ओळखले. त्यामुळे त्यांच्या उत्तम रचनांत ताल हा गाण्याखालचा पाया न राहता सारी इमारतच त्याच्या मोजमापाने उभी राहते.

अशा मिश्र संगीताविषयी रसिकांत एक रास्त संशय आहे. दोन देशांची वाद्ये एका खोलीत वाजली म्हणजे संगीत जन्मते असे नाही. गुर्टू यांच्या सर्वच मुद्रिका सारख्या मोलाच्या आहेत असेही म्हणता येणार नाही. काही ठिकाणी पाहुण्यांची गर्दी रचनेला जड होते. परंतु तबल्याची पक्की तालीम जेथे बोलते, तेथे हा संशय टिकत नाही. ज्याची मुळे खोल असतात, त्यालाच दूरवर फांद्या पसरता येतात.

वस्तुतः खरा प्रश्न गुर्टू यांच्या कीर्तीचा नाहीच. तिची काळजी जगाने घेतली आहे. प्रश्न आहे तो ज्यांना हॅम्बुर्गची वाट सापडणार नाही त्यांचा. मुळशी तालुक्याचे रूप आज झपाट्याने पालटत आहे. हिंजवडी आणि माणच्या शेतजमिनींवर संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत. गावच्या ढोलवादकांचे ठेके वह्यांत लिहिलेले नसतात. ते हातांत असतात, आणि हात थकले की त्यांच्याबरोबर जातात. संबळ, हलगी आणि दिमडी वाजवणाऱ्यांचीही गोष्ट वेगळी नाही. ध्वनिमुद्रणासाठी एके काळी मोठी यंत्रसामग्री लागे; आज ते साधन महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या खिशात असते. पण ध्वनी टिपणे हे अर्धेच काम झाले. ठेका कोणाचा, कोणत्या गावचा, तो कोणाकडून शिकला, हे त्यासोबत लिहिले गेले पाहिजे. शाळा-महाविद्यालयांनी एकेक गाव वाटून घेतले तरी हे काम मार्गी लागेल.

यातून उद्या प्रत्येक गावात एखादा गुर्टू निर्माण होईल, अशी भाबडी आशा कोणी बाळगू नये. मात्र वाजवणाऱ्याला नाव असते, ते विचारायचे असते आणि लिहून ठेवायचे असते, एवढा संस्कार जरी नव्या पिढीवर झाला, तरी ताल धरणाऱ्यांचे फार जुने ऋण काही अंशी फेडल्यासारखे होईल.